मोजमापातली बाई: पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या संशोधनाची एक बाजू

कोणतेही अभियांत्रिकी संशोधन एखादा माणूस गृहीत धरून सुरू होते. आसनाची उंची ठरवताना कोणाचे तरी पाय मोजलेले असतात, औषधाची मात्रा ठरवताना कोणाचे तरी वजन धरलेले असते, बसचे वेळापत्रक आखताना कोणाचा तरी दिवस डोळ्यांसमोर असतो. हा गृहीत माणूस बहुतेक वेळा पुरुष निघतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. मोजणारे पुरुष होते आणि मोजायला सहज मिळणारे सैनिक, कामगार आणि विद्यार्थीही पुरुषच होते. एकदा छापलेले कोष्टक पुढच्या पिढ्या तसेच वापरत राहतात. पण त्या कोष्टकावर बेतलेली गाडी, यंत्र किंवा उपचार स्त्रीपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचे माप चुकते, आणि चुकलेल्या मापाची किंमत ती शरीराने मोजते.

संशोधनात स्त्री-पुरुष भेदाचा विचार दोन पातळ्यांवर करावा लागतो. पहिली पातळी शरीराची: उंची, हाडांची ठेवण, स्नायूंची ताकद, संप्रेरके. दुसरी समाजाने वाटून दिलेल्या भूमिकांची: कोण काय नेसते, घरातले कोण सांभाळते, रात्री कोण बाहेर पडू शकते, पैसा कोणाच्या हाती असतो. या दोन्ही गोष्टी संशोधनात चार ठिकाणी शिरतात. कोणता प्रश्न अभ्यासाला घ्यायचा, कोणावर मोजमाप करायचे, आलेल्या आकड्यांची विभागणी कशी करायची आणि हे सारे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत कोण बसायचे, ही ती चार ठिकाणे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विज्ञानाच्या इतिहासकार लोंडा शीबिंगर यांनी २००९मध्ये याच विषयावर मोठा प्रकल्प उभारला. प्रश्न विचारताना स्त्रिया विसरल्या तर विज्ञान अपुरे राहते आणि त्यांचा विचार केला तर नवे शोध हाती लागतात, हे त्या प्रकल्पाने उदाहरणांसह मांडले. त्याच्या जवळजवळ प्रत्येक मुद्द्याचे उदाहरण पिंपरी, भोसरी, आकुर्डी आणि चाकणच्या रस्त्यांवर सापडते.

पट्टा आणि त्याचा गृहीत कामगार

पिंपरीच्या उद्योगनगरीची सुरुवात औषधाच्या कारखान्याने झाली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे उभा राहिला. पुढे आकुर्डीत बजाजची स्कूटर आणि रिक्षा आली. १९६६मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरीत जम बसवायला सुरुवात केली. एमआयडीसीच्या प्लॉटांवर शेकडो लघुउद्योग वाढले. नव्या शतकात हा पट्टा नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पसरला आणि देशी-परदेशी वाहन कंपन्या तिथे स्थिरावल्या. उत्पादनाच्या मागोमाग संशोधन आणि चाचणीही आली. केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था भोसरीजवळ आहे, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने सुरू झालेली संस्था भोसरी एमआयडीसीत आहे, तर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे, म्हणजे ‘एआरएआय’चे, एक केंद्र चाकणला आहे.

या साऱ्या उभारणीत कामगार आणि अभियंता म्हणून पुरुषच धरला होता. १९७४मध्ये टेल्कोने पदवीधर अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत अशी ओळ होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावणे आले आणि कंपनीच्या शॉप फ्लोअरवरच्या पहिल्या स्त्री अभियंता म्हणून त्यांची निवड झाली. पुढे त्या सुधा मूर्ती या नावाने लेखिका म्हणून मराठी वाचकांच्या घरात पोहोचल्या.

जाहिरातीतली ओळ गेली तरी कायद्यातली भिंत बराच काळ उभी होती. १९४८च्या कारखाने अधिनियमानुसार स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच कारखान्यात काम करता येई. हेतू संरक्षणाचा होता. पण तीन शिफ्टमध्ये चालणाऱ्या कारखान्यात नवे यंत्र बसवणे, ते सुरू करून पाहणे, बिघाड शोधणे ही शिकण्याची खरी कामे अनेकदा संध्याकाळनंतर किंवा रात्रीच होतात. त्या वेळी हजर राहता न आल्याने स्त्री अभियंत्याचा अनुभव तोकडा राही, आणि मग अनुभव तोकडा म्हणून मोठी जबाबदारी मिळत नसे. महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटींसह रात्रपाळीची वाट मोकळी केली. पाळणाघराचा नियमही असाच बोलका आहे. जुन्या कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर सक्तीचे होते, म्हणजे मूल फक्त आईचे मानले होते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही मोजणी एकूण पन्नास कर्मचाऱ्यांवर आणली.

साडीचा पदर आणि मागचे चाक

कपड्यांचा विचार अभियांत्रिकीत कसा येतो, याचे उदाहरण पट्ट्यातल्या प्रत्येक मोटारसायकलवर दिसते. डाव्या बाजूला मागच्या चाकालगत एक जाळी बसवलेली असते. गॅरेजपासून शोरूमपर्यंत तिला साडी गार्ड म्हणतात. ती शोभेची वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या नियम १२३ने मोटारसायकलला मागच्या माणसासाठी कायमची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागचे चाक निम्म्याहून कमी झाकणार नाही असे आवरण सक्तीचे केले. मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत हा उद्देश नियमातच लिहिलेला आहे. परदेशी आराखड्याची गाडी भारतात विकायची तर तिलाही ही सोय करावी लागते.

नियम स्त्रीच्या जिवाची काळजी घेतो आणि तो हवाच. तरी त्याची मर्यादाही ओळखायला हवी. मूळ वाहन दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्या माणसासाठी आखले गेले. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल आणि हातात पिशवी घेऊन बसणारी स्त्री हिशेबात नंतर आली आणि तिच्यासाठी वरून एक जाळी जोडली गेली. अशा बसण्याने गाडीचा तोल एका बाजूला झुकतो, धरायला एकच हात मोकळा राहतो आणि ब्रेक लागताच शरीर वेगळ्या दिशेने फेकले जाते. या साऱ्याचा अभ्यास आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून झाला असता, तर आसनाचा आकार, पकडीची जागा आणि पावदानाची रुंदी यांवर वेगळी उत्तरे निघाली असती.

स्त्री मागच्या आसनावरून पुढे आली तेव्हा आराखडा किती बदलतो हेही पुण्याने पाहिले आहे. १९७२मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकला किक मारावी लागे आणि डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर फिरवावा लागे. साडी नेसून किक मारणे अवघड, आणि वजनदार गाडी स्टँडवर चढवणे त्याहून अवघड. त्याच सुमाराला पुण्याच्या फिरोदियांच्या किनेटिकने लूना आणली. हलकी, स्वस्त आणि गिअर नसलेली ही मोपेड शिक्षिका, नर्स, कारकून स्त्रिया आणि कॉलेजच्या मुली चालवू लागल्या. १९८४मध्ये आलेल्या किनेटिक होंडाने पुढचे पाऊल टाकले. बटण दाबले की गाडी सुरू, आणि गिअर बदलायची गरजच नाही. आकुर्डीच्या बजाजनेही १९९०मध्ये सनी ही छोटी गाडी काढली. या सोयी स्त्रियांसाठीच आहेत असे सुरुवातीला अनेकांना वाटे. पण गुडघे दुखणारे आजोबा, दिवसभर थांबत-निघत माल पोचवणारा दुकानदार आणि गर्दीत अडकलेला नोकरदार यांनाही त्याच हव्या होत्या. आज बाजारातल्या जवळजवळ सगळ्या स्कूटर बिनगिअरच्या आणि बटणावर सुरू होणाऱ्या आहेत. वगळलेल्या माणसासाठी शोधलेले उत्तर पुढे सर्वांचे होते, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातला अनेकदा आलेला अनुभव आहे.

अपघाताचा पुतळा

मोटारीच्या सुरक्षेचे संशोधन पुतळ्यांवर चालते. धातू, रबर आणि प्लॅस्टिकचा हा पुतळा गाडीत पट्टा लावून बसवतात आणि गाडी ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवतात. डोके, मान, छाती, मांडी आणि नडगी इथे बसवलेले संवेदक किती बल आणि किती त्वरण आले याची नोंद करतात. या नोंदींवरून पट्ट्याचा ताण, एअरबॅग फुगण्याचा वेग, डॅशबोर्डचा कठीणपणा या गोष्टी ठरतात. म्हणजे पुतळ्याचे शरीर हेच गाडीच्या सुरक्षेचे माप असते.

जगभर सर्वाधिक वापरलेला पुतळा ‘हायब्रिड थ्री’ नावाचा आहे. तो १९७०च्या दशकात जनरल मोटर्सने विकसित केला. त्याची उंची सुमारे १७५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ७८ किलो असून सरासरी अमेरिकी पुरुष त्यात धरला आहे. स्त्रीसाठी म्हणून जो पुतळा वापरात आला, तो याच पुरुष पुतळ्याचे माप घटवून केलेला. त्याची उंची साधारण १५० सेंटिमीटर आणि वजन ४९ किलोच्या आसपास आहे. अमेरिकेतल्या शंभरांतल्या सर्वांत लहान चणीच्या पाच स्त्रियांच्या मापाशी तो जुळतो. त्यात स्त्रीच्या ओटीपोटाची ठेवण, मानेचे स्नायू किंवा छातीचा आकार यांचा मुळापासून विचार झालेला नव्हता.

याचे परिणाम आकड्यांत दिसले. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. पट्टा लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुष चालकांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आढळली. त्याच विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात समोरासमोरच्या धडकेसाठी हा फरक ७३ टक्के निघाला. नंतरच्या संशोधनाने यातला काही भाग वेगळ्या कारणांनी समजावला, जसे की स्त्रिया तुलनेने लहान गाड्या जास्त चालवतात. पायांच्या इजांमधला फरक मात्र त्या कारणांनी पुरता मिटला नाही. एअरबॅगचा धडा याआधीच मिळाला होता. १९९०च्या दशकात अमेरिकेत जोरात फुगणाऱ्या एअरबॅगांमुळे स्टिअरिंगजवळ बसणाऱ्या ठेंगण्या स्त्रिया आणि लहान मुले दगावली. त्यानंतर २०००मध्ये तिथल्या नियमांत छोट्या स्त्री पुतळ्यावरची चाचणी सक्तीची झाली. मागून बसणाऱ्या धडकेत मानेला हिसका बसून होणारी इजा स्त्रियांना जास्त होते. त्यावर काम करणाऱ्या स्वीडनच्या ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये सरासरी स्त्रीचा पुतळा जगापुढे ठेवला. त्याची उंची १६२ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो आहे.

भारतात हा प्रश्न थेट भोसरीला येऊन पोहोचतो. २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झालेली आणि १ ऑक्टोबरपासून लागू झालेली ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांना तारे देणारी योजना आहे, आणि तिच्या अंमलबजावणीची जबाबदारी केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेकडे आहे. त्या वर्षाअखेरीस पाच तारे मिळवणाऱ्या पहिल्या गाड्या टाटांच्या हॅरियर आणि सफारी होत्या. २०२३च्या नियमावलीप्रमाणे समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळते. पुढच्या दोन्ही आसनांवर सरासरी पुरुषाच्या मापाचे पुतळे असतात, मागे दीड आणि तीन वर्षांच्या बालकांच्या मापाचे. मुलांचा विचार पहिल्याच आवृत्तीत झाला ही मोठी गोष्ट आहे. प्रौढ स्त्रीसाठी मात्र आसन राखलेले नाही.

इथे भारतापुरता एक महत्त्वाचा मुद्दा येतो. भारतातल्या प्रौढ स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, तर पुरुषाची १६५च्या आसपास. अमेरिकेत जो पुतळा अगदी लहान चणीच्या स्त्रीचा मानला जातो, त्याची उंची भारतातल्या सर्वसाधारण स्त्रीच्या जवळ जाते. सरासरी पुरुषाचा पुतळा भारतीय पुरुषापेक्षाही सुमारे दहा सेंटिमीटरने उंच आहे. म्हणजे स्त्रीच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नातून पुरुषांच्या मापातली चूकही उघडी पडते. भारतीय शरीरांची मापे गोळा करण्याचे काम याआधी झालेले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देबकुमार चक्रबर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक १९९७पासून आराखडाकारांच्या हाताशी आहे. पण मापांची पुढची पाहणी फक्त गाडी चालवणाऱ्यांवर बेतली, तर स्त्रिया पुन्हा थोड्याच राहतील. मागच्या सीटवर, बसमध्ये, रिक्षात आणि टेम्पोच्या हौद्यात बसणाऱ्यांची मापेही त्यात यायला हवीत.

लाइन, स्टेशन आणि हात

गेल्या काही वर्षांत पट्ट्यातल्या शॉप फ्लोअरवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारीची जुळणी करणारी लाइन दीड हजारांहून अधिक स्त्रियांनी सांभाळल्याचे कंपनीने जाहीर केले. बजाजच्या चाकण कारखान्यात डॉमिनार मोटारसायकलची जुळणी स्त्रियांच्या तुकडीकडे आली. या बदलाकडे बहुधा रोजगाराच्या अंगाने पाहिले जाते. अभियांत्रिकीच्या अंगाने पाहिले तर तो कामाच्या जागेच्या आराखड्याचा प्रश्न आहे.

जुळणीच्या लाइनवर प्रत्येक स्टेशनला ठरलेला वेळ असतो. त्या अवधीत कामगार बिनमधून भाग उचलतो, जागेवर बसवतो, टॉर्क गनने नट आवळतो आणि गाडी पुढे सरकते. बिन किती उंचीवर आहे, हात खांद्याच्या वर किती वेळ राहतो, गनचा झटका मनगटावर किती येतो आणि मुठीचा घेर किती आहे, या बारीक गोष्टींनी दिवसाअखेरची पाठ आणि खांदा ठरतो. १६५ सेंटिमीटरच्या माणसासाठी बसवलेला रॅक १५२ सेंटिमीटरच्या बाईला प्रत्येक फेरीत टाचा उंचावायला लावतो. एका शिफ्टमध्ये ती हालचाल शेकडो वेळा होते.

वजन उचलण्याच्या शास्त्राने हा भेद बराच आधी मान्य केला. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे ‘नायोश’ने, १९९१मध्ये सुधारून दिलेले सूत्र आज जगभर वापरले जाते. सर्वांत अनुकूल स्थितीत उचलायचे वजन त्यात २३ किलो धरले आहे. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आणि ९९ टक्के पुरुषांना ते झेपेल असा त्यामागचा हिशेब आहे. अंतर, उंची, शरीराचा पीळ आणि वारंवारता वाढेल तसा हा आकडा खाली येतो. स्त्रिया लाइनवर येतात तेव्हा या सूत्राचा आधार घेऊन होइस्ट बसवावे लागतात, ट्रॉल्या आणि उंची बदलणारे प्लॅटफॉर्म आणावे लागतात, गनला झटका शोषणारा आधार द्यावा लागतो. या सुधारणांचा लाभ त्याच स्टेशनवर दुसऱ्या शिफ्टला येणाऱ्या पुरुषालाही होतो. वर्षानुवर्षे ‘जड काम म्हणजे पुरुषाचे काम’ या समजुतीखाली त्याच्या कंबरेच्या दुखण्याकडे कोणी अभियांत्रिकीचा प्रश्न म्हणून पाहिलेच नव्हते. हातमोजे, सेफ्टी शूज, गॉगल आणि मास्क यांचेही तसेच आहे. सैल हातमोजा फिरत्या भागात अडकतो आणि मोठ्या मास्कच्या कडेने धूर आत जातो. पुरुषांच्या मापाचे साहित्य लहान करून चालत नाही, कारण हाताची आणि चेहऱ्याची प्रमाणेच वेगळी असतात.

वायरिंग हार्नेसचे काम मात्र सुरुवातीपासून बऱ्याच अंशी स्त्रियांच्या हाती आहे. मोठ्या बोर्डावर खुंट्यांमधून रंगीत तारा ओढायच्या, कनेक्टर खोचायचे, टेप गुंडाळायची. एका चुकलेल्या तारेने गाडीतला दिवा किंवा ब्रेकचा संकेत बंद पडू शकतो. स्त्रियांची बोटे मुळातच नाजूक आणि चपळ असतात, असे या कामाबद्दल सर्रास म्हटले जाते. डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८१मधल्या लेखात या समजुतीचा मुळाशी जाऊन विचार केला. घरात लहानपणापासून शिवण-टिपण करून कमावलेले कौशल्य निसर्गदत्त मानले गेले की त्याला प्रशिक्षणाचा दर्जा आणि मोबदला मिळत नाही, असे त्यांनी दाखवले. अभियांत्रिकीतही याचा थेट परिणाम होतो. जे काम कौशल्याचे मानले जात नाही, त्यातल्या चुका, थकवा आणि सुधारणा यांवर संशोधनाचा पैसा कमी लागतो.

भोसरीतला एक बदललेला प्रश्न

स्त्रीचा विचार केल्याने संशोधनाचा मूळ प्रश्नच बदलतो, याचे या पट्ट्यातले सर्वांत ठळक उदाहरण वैद्यकातले आहे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२मध्ये भोसरीत सुरू झाली. त्या काळी एचआयव्हीचा अभ्यास ‘जोखमीच्या गटां’भोवती फिरत होता. देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक आणि त्यांच्या संपर्कातले लोक यांच्या वागण्यात संसर्गाचे कारण शोधले जाई. घरातली विवाहित स्त्री या नकाशावर नव्हती. तिचे वर्तन जोखमीचे नाही, म्हणून तिला जोखीम नाही, असा सरळ तर्क होता.

या संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ५२५ स्त्रिया देहविक्री करणाऱ्या होत्या, ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात एचआयव्हीचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. दुसऱ्या गटात ते १३.६ टक्के निघाले. या दुसऱ्या गटातल्या बहुतेक स्त्रियांचा शरीरसंबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. १९९७मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला.

त्याने धोरणाचा पायाच हलला. स्वतः कोणतीही जोखीम न पत्करलेल्या स्त्रीला जोखीम नवऱ्याच्या वागण्यातून आणि ‘नाही’ म्हणता न येण्यातून येत होती. एकनिष्ठ राहा आणि कंडोम वापरा हा सल्ला तिच्या उपयोगाचा नव्हता. एकनिष्ठ ती होतीच, आणि कंडोम वापरायचा की नाही हे तिच्या हातात नव्हते. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: नवऱ्याच्या संमतीविना स्त्रीला स्वतःच्या हाताने वापरता येईल असे संरक्षण शोधता येईल का? जगभर जंतुरोधक जेलवर याच दिशेने काम झाले, आणि टेनोफोविर जेलच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत पुण्याचे केंद्रही सामील होते. दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत २०१०मध्ये या जेलने संसर्ग ३९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढच्या मोठ्या चाचण्यांत तसे यश आले नाही, कारण अनेक स्त्रियांना जेल नियमित वापरणे जमले नाही. तो अनुभवही शिकवणारा ठरला. औषध प्रयोगशाळेत काम करते एवढे पुरत नाही. ते स्त्रीच्या घरात, तिच्या वेळात आणि तिच्यावर असलेल्या नजरांमध्ये वापरता यायला हवे.

औषधांच्या मात्रेतही हाच धडा आहे. अमेरिकेने १९७७मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले होते. ते धोरण १९९३मध्ये बदलले. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची मात्रा २०१३मध्ये दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणावी लागली, कारण स्त्रियांच्या शरीरात ते जास्त वेळ टिकते आणि सकाळी गाडी चालवताना धोका होतो. ते औषध तोपर्यंत दोन दशके बाजारात होते.

दिवसाचा नकाशा

वाहतुकीचे नियोजन घर ते कामाची जागा आणि परत, अशा सरळ प्रवासावर बेतलेले असते. स्पेनच्या नगररचनाकार इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी मूल, आजारी माणूस आणि घर सांभाळण्यासाठी होणाऱ्या प्रवासाला स्वतंत्र वर्ग मानून मोजायला सुरुवात केली. आधी हे प्रवास खरेदी, भेटीगाठी, फिरणे अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरलेले असत. एकत्र मोजल्यावर ते शहराच्या प्रवासाचा मोठा भाग असल्याचे दिसले.

भोसरीच्या लघुउद्योगात काम करणारी स्त्री सकाळी मुलाला शाळेत सोडते, तिथून शेअर रिक्षाने चौकात येते, बस पकडते, संध्याकाळी भाजी आणि औषध घेऊन घरी पोहोचते. तिच्या एका दिवसात चार-पाच तुकडे असतात आणि त्यातले बरेचसे पायी असतात. पाहणी करणारा कुटुंबप्रमुखाला विचारतो आणि पायी तुकडे गाळतो, तेव्हा तिचा दिवस आकड्यांतून पुसला जातो. मग पदपथाऐवजी उड्डाणपुलाला प्राधान्य मिळते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पीएमपीएमएलने ८ मार्च २०१८ रोजी स्त्रियांसाठी तेजस्विनी बस सुरू केल्या, आणि मार्च २०२२मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली. चाकणच्या कारखान्यांकडे जाणारी कामगार वाहतूक मात्र नाशिक महामार्गाच्या कोंडीतून, कंपनीच्या बसने आणि दुचाकीवरच चालते. दुसरी शिफ्ट सुटल्यावर बस नेमकी कुठे थांबते आणि तिथून घरापर्यंत उजेड आहे का, यावर एखादी मुलगी चाकणची नोकरी घेते की नाही हे ठरते. ही माहिती वाहतूक अभियांत्रिकीच्या अभ्यासात यायला हवी.

गाड्यांत आता संगणकाचे डोळे आणि कान येत आहेत, आणि मापाचा हाच प्रश्न तिथेही उभा आहे. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणालींवरच्या जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांच्या २०१८च्या अभ्यासात सावळ्या स्त्रियांबाबत चुकांचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते, तर गोऱ्या पुरुषांबाबत ते एक टक्क्याहूनही कमी होते. चालकाला डुलकी लागली का हे पाहणारा कॅमेरा ज्या चेहऱ्यांवर शिकवला जाईल, त्यांनाच तो नीट ओळखेल. डोक्यावरचा पदर आणि चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ त्या शिकवणीत असायला हवा.

बैठकीत कोण बसते

प्रश्न कोण विचारतो याने प्रश्न बदलतो. कमला सोहोनी यांना १९३३मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्त्री म्हणून आधी नाकारले आणि मग अटी घालून घेतले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या आणि मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले-मुली आणि गरोदर स्त्रिया यांना परवडेल असे पोषण हा त्यांच्या संशोधनाचा विषय झाला. अभियांत्रिकीत मुलींची वाट रुंद करण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१मध्ये पुण्यात सुरू केलेल्या कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे. २०१८पासून आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा दिल्या, आणि २०२०मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने संस्थांची या अंगाने पडताळणी करणारा ‘गती’ हा उपक्रम तीस संस्थांत सुरू केला. तरीही २०१८च्या आकडेवारीनुसार देशातल्या संशोधकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १६.६ टक्केच होते.

संख्या वाढणे गरजेचे आहे, पण तेवढ्याने काम होत नाही. जुनेच कोष्टक हाती दिले तर स्त्री अभियंताही त्याच मापाचा रॅक काढेल. उलट, योग्य प्रश्न विचारणारा पुरुष संशोधक काय करू शकतो हे भोसरीच्या अभ्यासाने दाखवले. सगळ्या स्त्रियांना एका साच्यात बसवण्याची चूकही टाळावी लागते. चाकणची तरुण ट्रेनी, हार्नेसच्या बोर्डासमोर उभी चाळिशीची कामगार, गरोदर अभियंता आणि पहाटे कारखाना झाडणारी कंत्राटी बाई यांची शरीरे आणि दिवस वेगवेगळे आहेत. पुरुषांचेही नुकसान होते. हाडे ठिसूळ होण्याचा आजार बायकांचाच मानल्याने पुरुषांमधले निदान अनेक वर्षे मागे राहिले.

म्हणून ही पडताळणी संशोधनाच्या प्रत्येक टप्प्यावर करावी लागते. विषय ठरवताना ही अडचण कोणाची आहे आणि कोणाची अडचण यादीत आलीच नाही, हे पाहायचे. नमुना निवडताना स्त्रिया पुरेशा संख्येने घ्यायच्या आणि त्यांत वय, काम आणि चण यांचे वैविध्य ठेवायचे. आकडे मांडताना सरासरीत फरक बुडू न देता स्त्री-पुरुषांचे निकाल वेगळे द्यायचे, आणि फरक आढळला नाही तर तेही लिहायचे. चाचणीच्या नियमात दोन्ही शरीरे आणायची. वस्तू बाजारात आल्यावर ती कोण वापरत नाही आणि का, याचा मागोवा ठेवायचा. निधी देणाऱ्यांनी या गोष्टी अर्जातच मागितल्या तर त्या सवयीच्या होतात. युरोपीय संघाने २०२२पासून सार्वजनिक संस्था, विद्यापीठे आणि संशोधन केंद्रांना निधीसाठी स्त्री-पुरुष समतेचा लेखी आराखडा बंधनकारक केला आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात यासाठी लागणारे सारे एकाच ठिकाणी आहे. गाडी आखणारे, तिची चाचणी घेणारे, तिला तारे देणारे आणि ती जोडणाऱ्या हजारो स्त्रिया एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. भारतीय स्त्रीच्या मापाचा पुतळा, तिच्या उंचीचे स्टेशन, तिच्या बसण्याला धरून आखलेली दुचाकी आणि तिच्या दिवसावर बेतलेले बसचे वेळापत्रक ही इथल्या संशोधनाची कामे आहेत. ती झाली तर रोज या रस्त्यांवरून कामाला जाणाऱ्या प्रत्येकीचा आणि प्रत्येकाचा जीव अधिक सुरक्षित होईल.